मुठीतली माती

"पण वस्ताद, यातनं मी मरणार न्हाई हे कशावरनं?"

हिंदुराव तालमीच्या दारातच अडून उभा होता. दुपारी जत्रेच्या मैदानात त्याची कुस्ती, आणि गडी नाव मागं घ्यायला आलेला!

हसन वस्ताद हौद्यातली लाल माती खोऱ्यानं उकरत होते. मान वर न करता म्हणाले, "कशातनं?"

"छाती धडधडती. श्वास कोंडतो. गेल्या जत्रेत सलामीला हात पुढं केला, हलगी वाजली आन् हे सुरू झालं. मैदान सोडून पळालो. आज पळालो तर पुन्हा लंगोट बांधायला तोंड राहायचं न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"मशीनवर छातीची पट्टी काढली. म्हणाला, काळीज ठणठणीत हाय, खुशाल खेळ."

"मग भितोस कुणाला?"

हिंदुराव फुगला. "मी? समोर कुणीबी येऊ दे, आधी सलामी देतो, मग भिडतो! गड्याला न्हाई भीत, वस्ताद. ह्या धडधडीला भितो."

बोलता बोलता त्याची बोटं मनगटावर गेली. नाडी! दिवसभर हाच उद्योग चालायचा त्याचा.

वस्तादांनी ते पाहिलं. खोरं टाकलं, माती उचलली आणि त्याच्या दोन्ही मुठी गच्च भरल्या.

"मूठ सोडायची न्हाई. मार बैठका."

"अहो, धडधड वाढंल की!"

"वाढू दे. त्यासाठीच सांगतोय."

आता काय म्हणावं! उतारा मागायला गेलेल्याला वस्ताद दुखणंच वाढून देत होते.

हिंदुराव बैठका मारू लागला. घाम फुटला. छाती उसळायला लागली.

"वस्ताद, आलं! हेच ते! मनगट बघू द्या!"

"नाडी न्हाई. पळणं न्हाई. उभा राहा."

"मेलो!"

"मेलास तर पहिला खांदा माझा. उभा राहा."

...

त्यानं मुठी आणखी आवळल्या. बोटांच्या फटीतनं माती गळत होती. वस्ताद जागचे हलले नाहीत.

...

"वस्ताद..."

"बोल."

"उतरतंय! वस्ताद, आपोआप उतरतंय! मी तर काय केलंच न्हाई!"

गडी नाचायचाच काय तो बाकी होता.

"मग पुन्हा मार बैठका."

पुन्हा धडधड आली, पुन्हा गेली. त्यानंतर तर हिंदुराव न सांगता बैठका मारू लागला, आणि हसत हसत!

दुपारी मैदान भरलं. माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी कडाडली, आणि हिंदुरावचा चेहरा उतरला. बोटं मनगटाकडं निघाली... मध्येच थांबली.

"वस्ताद, गडी अजून यायचाय. त्याच्याआधी हेच आलं."

वस्तादांनी वाकून चिमूटभर माती उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली.

"आलंय नव्हं? मग सलामी दे."