टीचभर पत्र

"आता दिसतं का, भन्तेजी? की अजून मोठं करू?"

"दिसतं बाबू. पण वाचायचं काय?"

प्रशिकनं पडद्याकडे पाहिलं. त्यावर त्यानंच लिहिलेल्या दोन ओळी होत्या. हा नमुना आहे, हा नमुना आहे, एवढंच.

पवनीच्या अलीकडे एका खेड्यात विहार आहे आणि विहाराला लागून पत्र्याचं छप्पर असलेली वाचनालयाची खोली. तिथं आज नवा संगणक आला होता. प्रशिक रामटेके तो पुण्याहून घेऊन आला होता, गेलेल्या आईच्या नावानं दान द्यायला. पडदा एवढा मोठा की मागची खिडकी झाकून गेली. दान द्यावं तर असं, उजेडालाही वाट बदलावी लागली पाहिजे.

ईमेलचा प्रोग्राम बनवणाऱ्या एका कंपनीत तो होता. दुसऱ्याचं पत्र वाचताना डोळ्यांना त्रास होऊ नये, हे पाहणं त्याचं काम. अक्षराचा आकार, ओळींमधली जागा, मागचा रंग. त्यानं एक बटण तयार केलं होतं. ते दाबलं की कसलंही गचाळ पत्र सुटसुटीत होई. त्या बटणासाठी कंपनीनं त्याला बक्षीस दिलं होतं. हे त्याचं सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

भन्ते शीलसार सत्तरीच्या पुढचे. तिन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

"बटण सुचलं कसं तुला?"

प्रशिक हसला. ही गोष्ट सांगायची त्याला सवय होती.

"आईमुळेच, भन्तेजी. दर रविवारी तिचा मेल यायचा. अक्षर म्हणजे मोहरी सांडल्यासारखं. मधे कुठं जागा नाही, काही नाही. कितीदा सांगितलं, आई, अक्षर मोठं कर. पुढचा मेल पुन्हा तसाच. बक्षिसाच्या दिवशी स्टेजवर मी तिचाच एक मेल दाखवला. लोक पोट धरून हसले."

"काय लिहिलं होतं त्यात?"

प्रशिकनं माऊस उगाच इकडेतिकडे फिरवला.

"त्या मेलमध्ये, बाबू."

"तो... दाखवण्यापुरताच घेतला होता."

शेजारच्या खळ्यात धानाची मळणी चालली होती, तिचा भुसा दारातून आत येत होता.

"एकूण किती आले तिचे?"

"शंभरावर असतील. सुरुवातीचे वाचले. मग..." त्याचा आवाज उतरला. "शेवटचे एकोणीस उघडलेसुद्धा नाहीत. आज वाचू, उद्या वाचू. आणि आता दोन महिने झाले तिला जाऊन, तर हात धजावत नाही. भन्तेजी, संगणक हे नुसतं निमित्त. मी हे तुम्हाला विचारायलाच आलो. कशातच मन लागत नाही माझं. काय करू, सांगा."

भन्तेंनी कोपऱ्यातल्या लाकडी बाकाकडे पाहिलं. जुना संगणक तिथं काढून ठेवला होता.

"त्या जुन्यापुढं बसून लिहायची तुझी आई, शेवंताबाई. मीच शिकवलं तिला, मला येत होतं तेवढं."

"मग अक्षर मोठं कसं करायचं, ते शिकवायचं राहिलं वाटतं."

"तेच आधी शिकवलं."

"मग?"

"अंगणवाडीत तीस वर्षं काढली तिनं. डोळे अधू झाले होते. तिला कुठं दिसत होतं बारीक? एवढालं करून लिहायची." भन्तेंनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. "एका बोटानं. दोन-दोन तास. अधेमधे उठून पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. लिहून झालं की वरपासून खालपर्यंत पाहायची, आणि तोंड उतरायचं तिचं."

"का?"

"म्हणायची, भन्तेजी, लय लांब झालं जी. लेकराले येळ नसते. पाहूनच बंद करन तो."

प्रशिकनं जुन्या संगणकाकडे पाहिलं.

"मग सगळं निवडायची आणि बारीक करायची. मधल्या मोकळ्या ओळी एकेक करून काढायची. पत्र टीचभर दिसेपर्यंत. तोवर तिला स्वतःला त्यातलं एक अक्षर दिसत नसे. मला विचारायची, आता लहान वाटते न जी? मी हो म्हटलं की पाठवायची."

"मी म्हणालो होतो तिला," प्रशिक म्हणाला. "फोनवर. आई, एवढं लांब नको लिहूस, मला वेळ नसतो. एकदाच म्हणालो, भन्तेजी. एकदाच."

"हं."

"ती नुसतं बरं म्हणाली."

तो विसरून गेला होता. ती विसरली नव्हती. ज्याला तो तिचं अडाणीपण समजला, भरल्या सभेत ज्यावर त्यानं माणसं हसवली, ती तिनं त्याच्यासाठी केलेली आवराआवर होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना. भन्तेंनीही त्याला वर बघायला सांगितलं नाही.

मग त्यानं आपल्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये मेलची यादी उघडली. आईचा शेवटचा मेल ती जाण्याच्या चार दिवस आधीचा होता. त्यानं त्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

मेल उघडला.

त्या भल्यामोठ्या पांढऱ्या पडद्यावर आईचं पत्र वरच्या कोपऱ्यात बसलं होतं. बसच्या सीटवर कडेला अंग चोरून बसावं, तसं.

सवयीनं त्याचा हात बटणाकडे गेला. भन्तेंनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे."

"एका क्षणाचं काम आहे, भन्तेजी. सगळं सुटसुटीत होईल."

"ठाऊक आहे. राहू दे."

प्रशिक पाहत राहिला. 'प्रशिक बाळा' एवढंच ओळखू आलं. पुढचे शब्द एकमेकांत गेले होते. त्याचे डोळे भरले आणि होतं तेही दिसेनासं झालं.

"नाही वाचता येत, भन्तेजी. फार बारीक आहे..."

भन्तेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मग जवळ जा."