मानाचा चेंडू

एका गावात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजला बास्केटबॉलची एक टीम होती. गाव तसं गुणी, पण मानपानाचं भारी वेडं. कुणाच्या गंजीला आग लागली तर पाणी घेऊन सगळे धावत यायचे, पण पहिली बादली ओतायचा मान कुणाचा हे ठरेपर्यंत गंजीची राख व्हायची. मग ती राख आधी कुणी उचलायची, यावर पुन्हा बैठक बसायची.

लग्नात तर विचारूच नका. ज्याचा मान चुकला तो मांडवाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसायचा. मग चार वडीलधारी त्याच्यापुढे हात जोडायची आणि तो मागेल ते द्यायची. तो उठेपर्यंत पंगतीत कुणी घास उचलायचा नाही. रुसलेल्याचं मागणं पुरवायचंच, हा गावाचा पक्का कायदा होता. भात निवला तरी चालेल, आधी माणूस निवला पाहिजे, असं तिथली म्हातारी माणसं सांगायची.

हे लग्नापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते बास्केटबॉलमध्येही शिरलं. कॉलेजची जागा कप्तानाच्या आजोबांनी दिलेली, म्हणून चेंडूचा पहिला मान कप्तानाचा. दुसरा पाटलांच्या मुलाचा. रिंगची जाळी ज्या दुकानातून आली त्या दुकानदाराच्या मुलाचा तिसरा. चौथ्याची बहीण सरपंचांच्या घरात दिलेली, म्हणून चौथा मान त्या मेहुण्याचा. चेंडू हातात आला की कप्तान तो आधी कपाळाला लावायचा आणि मग अदबीनं पाटलांच्या मुलाकडे द्यायचा. तोही कपाळाला लावायचा.

आता बास्केटबॉलचा नियम असा, की चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत तो रिंगकडे टाकावा लागतो. नाहीतर शिट्टी वाजते आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. या टीमचा चौथा मान होईपर्यंत शिट्टी ठरलेलीच. बाकीच्या टीमांना हा प्रकार फार आवडायचा. आपला सामना यांच्याशीच पडू दे म्हणून पोरं देवाला नारळ बोलायची.

टीमचे सर बिचारे सज्जन. मैदानाच्या कडेला उभं राहून ते घसा बसेपर्यंत ओरडायचे, "अरे, मेहुणा रिंगखाली एकटाच उभा आहे. त्याला दे की!"

"सर, त्याचा मान चौथा हाय," कप्तान शांतपणे सांगायचा. एवढ्यात शिट्टी वाजायची.

शेवटी कॉलेजचे अध्यक्ष वैतागले. सरांना बोलावून म्हणाले, "सर, त्या मैदानावर तसाही मानपानच चालतो. मग तिथं मंगल कार्यालय काढलेलं काय वाईट? यंदा तालुक्याचा चषक आणलात तर मैदान तुमचं. नाही आणलात, तर तुळशीचं लग्न लागलं की मी तिथं मांडव घालतो."

या टीमला चषक म्हणजे आंधळ्याला दुर्बीण.

त्याच आठवड्यात दुसऱ्या गावाच्या कॉलेजातून एक मुलगा बदली घेऊन आला. अंगानं बुटका, पायानं चपळ. जुन्या कॉलेजात त्याला कायम बाकावर बसवून ठेवलेलं, तिथल्या सरांना त्याचं नावही नीट ठाऊक नव्हतं. खेळायला मिळावं म्हणून तो आपलं गाव सोडून इथे आला होता. पण खेळाडूला कॉलेज एकदाच बदलता येतं. म्हणजे हे मैदान गेलं की त्याचा खेळच संपला. गाव त्याला पाहुणा म्हणू लागलं.

पाहुणा होता पॉइंट गार्ड. पॉइंट गार्डचं काम साधं. चेंडू पुढे आणायचा आणि ज्याच्यासमोर वाट मोकळी असेल त्याला द्यायचा. साधं म्हणजे, दुसऱ्या कुठल्याही गावात साधं.

पहिल्याच दिवशी सरावात त्यानं चेंडू पुढे आणला, पाहिलं तर दुकानदाराचा मुलगा मोकळा. दिला त्याला. त्या मुलानं हातात निखारा पडावा तसा चेंडू टाकून दिला.

"अवो पावणं, आधी कप्तानाला द्या की!"

"पण कप्तानांच्या पुढे दोघं उभे आहेत."

"असू द्यात. मान त्यांचा हाय."

तोवर कप्तान बाकावर जाऊन तोंड फिरवून बसलाही होता. त्याचा रुसवा काढायला सरांना चहा आणि वर गरम भजी मागवावी लागली. कप्तानाचं मागणं एवढंच होतं, की भजी कांद्याची हवीत.

भजी खाता खाता सरांच्या डोक्यात मात्र काहीतरी चमकलं. त्यांनी सगळ्यांना विचारलं, "काय रे, घरी पाहुणा आला तर पहिला मान कुणाचा?"

"पावण्याचा," कप्तानही म्हणाला. तोंडात भजं होतं, पण खोटं कसं बोलणार?

"आणि पाहुण्यानं हातानं काही दिलं तर?"

"ते नाकारायचं नसतं, सर."

"मग झालं तर! चेंडूचा पहिला मान या पाहुण्याचा. आणि तो ज्याला देईल त्यानं तो नाकारायचा नाही, इकडेतिकडे फिरवायचा नाही, सरळ रिंगकडे टाकायचा."

यात चूक काढायला कुणाला जागाच सापडली नाही. कप्तानाचा चेहरा जरा उतरला, पण गावच्या रीतीपुढे तो तरी काय करणार? त्या रविवारी टीम पहिला सामना जिंकली. मंडळी इतकी चकित झाली, की टाळ्या आधी कुणी वाजवायच्या हे ठरवायचंसुद्धा विसरली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गाव म्हणजे गाव.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्याचा मान सुरू झाला. कँटीनमध्ये पोह्यांची पहिली बशी पाहुण्याला. मैदानाच्या कडेला हातांची खुर्ची पाहुण्याला. अध्यक्षांनी शाल दिली, सरपंचांनी नारळ दिला. न्हाव्यानं तर नंबर लावून बसलेल्यांना उठवून त्याला आधी बसवलं. पाहुण्याला आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटलं आणि मग, खरं सांगायचं तर, फारच बरं वाटायला लागलं. बाकावर बसून बसून ज्याचं नाव पुसलं गेलं होतं, त्याला शाल मिळाली तर तो ती खांद्यावरून काढेल कशी? तो शाल पांघरूनच सरावाला येऊ लागला.

आणि मैदानावर एक नवीनच गंमत सुरू झाली. पाहुण्यानं चेंडू दिला की समोरचा तो कपाळाला लावायचा आणि पुन्हा पाहुण्यालाच द्यायचा.

"अहो, टाका ना! रिंग समोर आहे."

"छे छे! तुमी असताना आमी टाकायचं? बरं दिसतं का ते?"

मग पाहुणाच टाकू लागला. त्याचा हात चांगला होता, चेंडू पडायचा, गाव नाचायचं. "एकटा पावणा पुरून उरतोय!" असं पारावर बोलणं व्हायचं आणि ते पाहुण्याच्या कानावर गोड लागायचं. सर दोनदा म्हणाले, "अरे, इतरांना दे." पाहुणा म्हणाला, "देतो ना सर, तेच घेत नाहीत." हे खरं होतं. पण आता तो देतही जरा सावकाश होता, हेही तेवढंच खरं होतं.

असं करत टीम अंतिम सामन्यात पोचली. समोरची टीम शहाणी होती. तिनं पाहिलं, की या टीममध्ये खेळतो तो एकटाच, बाकीचे चौघे नमस्काराला उभे. तिनं पाहुण्याभोवती तिघांना लावून दिलं.

आता पाहुण्याला हलता येईना. त्यानं चेंडू मेहुण्याला दिला, मेहुण्यानं कपाळाला लावून परत केला. पाटलांच्या मुलाला दिला, त्यानंही परत केला. चेंडू परत येताना ते तिघे मध्येच हिसकावून घ्यायचे आणि पळायचे. होता होता टीम आठ गुणांनी मागे पडली. शेवटची थोडी मिनिटं उरली. अध्यक्षांच्या शेजारी मांडववाला बसला होता आणि तो मैदानाची लांबीरुंदी नजरेनं मोजत होता.

सरांनी टाइमआउट मागितला. पाहुणा घामानं निथळत खुर्चीशी आला. दुकानदाराचा मुलगा शाल घेऊन पुढे झाला, मेहुणा वारा घालू लागला. त्या वाऱ्यानंच पाहुण्याला जाग आली म्हणा. त्यानं चौघांकडे पाहिलं. चौघे धडधाकट, उंचेपुरे, आणि कुणाच्या अंगावर घामाचा थेंब नाही. हे असंच आधी कप्तानासाठी उभे होते, आता माझ्यासाठी उभे आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. रोग तोच होता, फक्त शाल आता त्याच्या खांद्यावर होती.

आता करायचं काय? चेंडू टाका म्हणून सांगून हे ऐकणार नव्हते. मानकऱ्याला सोडून खेळणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पाहुण्यानं एकदा मांडववाल्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीत बसला आणि त्यानं मैदानाकडे पाठ केली.

"काय रे, काय झालं?" सरांनी विचारलं.

"मी रुसलो."

"आत्ता?"

"आत्ताच."

टीमच्या तोंडचं पाणी पळालं. मानकरी रुसला, तोही भर अंतिम सामन्यात! चौघांनी हात जोडले. कप्तान तर घाबरून वाकलाच. "पावणं, काय चुकलं आमचं? काय पायजे ते मागा."

"मैदानातल्या प्रत्येकानं एकदा तरी चेंडू रिंगमध्ये टाकला पाहिजे. प्रत्येकानं! तोवर मी उठणार नाही."

एवढ्यात शिट्टी वाजली. सरांनी पाहुण्याच्या जागी राखीव खेळाडूला आत ढकललं आणि पाचही जण मैदानात धावले ते जिंकायला नव्हे, तर रुसवा काढायला. आणि रुसवा काढायला निघालेला या गावचा माणूस वाघाला ऐकत नाही.

पाटलांच्या मुलानं चेंडू मिळताच कपाळाबिपाळाला न लावता सरळ टाकला. पडला! "पावणं, माझा झाला!" तो तिथूनच ओरडला. समोरच्या टीमची तर पंचाईतच झाली. ज्या एकावर तिघे लावले होते तोच खुर्चीत पाठ करून बसलेला, मग आता धरायचं कुणाला? त्यांचा गोंधळ निस्तरेपर्यंत दुकानदाराच्या मुलानं टाकला. मग राखीव खेळाडूनं. मग मेहुण्यानं रिंगखालून टाकला आणि आनंदाच्या भरात समोरच्याच खेळाडूला मिठी मारली. समोरच्यांना मध्ये एकच गुण मिळाला आणि अंतर तुटत आलं. आता टीम एकाच गुणानं मागे होती, आणि चेंडू टाकायचा राहिला होता फक्त कप्तान.

सगळ्यांनी चेंडू कप्तानाकडेच दिला. "टाका! तुमचाच राह्यलाय!" कप्तानानं हात वर केले. समोर दोघे आडवे आले. आणि तेवढ्यात त्याला दिसलं, की मेहुणा रिंगखाली एकटाच उभा आहे.

टाकला असता तर कदाचित पाहुण्याचं मागणं पुरं झालं असतं. कदाचित चेंडू अडलाही असता. कप्तानानं क्षणभर दात आवळले आणि चेंडू मेहुण्याला दिला. चौथ्या मानाच्या मेहुण्याला! मेहुण्यानं तो रिंगमध्ये टाकला आणि सामना संपला. एका गुणानं जिंकले.

गाव मैदानात घुसलं. गुलाल उधळला, हलगी वाजली. अध्यक्षांनी मांडववाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वाटेला लावलं आणि सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलावलं. सर रडत होते आणि हसतही होते. पाहुणा मात्र पाठ करून तसाच बसलेला.

"पावणं, उठा की आता," कप्तान धापा टाकत म्हणाला. "चषक आला. मैदान वाचलं."

"माझं मागणं काय होतं?"

"प्रत्येकानं एकदा तरी..." कप्तान थांबला. मग त्यानं कान पकडले. "अवो, देण्याच्या नादात माझं टाकायचंच राह्यलं!"

"मग मी कसा उठू? कायदा तुमच्याच गावचा आहे."

हलगी थांबली. रुसलेला उठेपर्यंत जेवता येत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. सगळं गाव गुलालासकट कडेला उभं राहिलं आणि रिकाम्या मैदानात कप्तान एकटा चेंडू टाकू लागला. पहिला फळ्यावरून पलीकडे गेला. दुसरा अध्यक्षांच्या टोपीला लागला. बिचारा आजवर चेंडू नुसता कपाळाला लावत आला होता, रिंगकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिकडे अध्यक्षांच्या घरी भात निवत चालला. कुणी हसलं नाही. कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो टाकतच राहिला.

शेवटी पाहुण्यालाच राहवेना. पाठ न वळवता तो हळूच म्हणाला, "कोपर आत घ्या. आणि गुडघे वाकवा."

कप्तानानं कोपर आत घेतलं, गुडघे वाकवले. चेंडू रिंगच्या कडेवर नाचला, थांबला आणि आत पडला.

पाहुणा ताडकन उठला. शाल खुर्चीतच राहिली. त्यानं धावत जाऊन कप्तानाला मिठी मारली. दोघेही रडले, आणि कुणी आधी रडायचं हे या वेळी कुणी ठरवलं नव्हतं.

"चला पावणं," कप्तान डोळे पुसत म्हणाला, "पंगतीत पहिलं पान तुमचं."

"नाही," पाहुणा म्हणाला, "ज्याला जास्त भूक लागली असेल त्याचं."

हे ऐकताच अख्खं गाव एकदम धावत सुटलं.

पाहुण्याचं शिक्षण त्या वर्षी संपलं आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी टीममध्ये नवी मुलं आली. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी विचारलं, "चेंडू आधी कुणाला द्यायचा?" जुना कप्तान त्याच्या हातात चेंडू देत म्हणाला, "मान वर कर. बघ, कोण मोकळा हाय."

टीम दरवर्षी चषक आणते असं काही नाही. कधी हरते, कधी जिंकते. पण हरली तरी पाचही जण घामानं भिजूनच बाहेर येतात. लग्नात मात्र ते गाव अजून रुसतं, तिथे काही इलाज चालला नाही.

तात्पर्य: मान ज्याचा त्याला जरूर द्यावा, पण चेंडू मात्र मोकळ्याला द्यावा.