करंजदऱ्याची होडी

करंजदरा या गावी नदी नाही, ओढा नाही, आणि एका विहिरीला पाणी आहे असं नुसतं म्हणतात. अशा या गावी चाफ्याच्या झाडाखाली श्रीचाफेमहाराज येऊन बसले. इथेच का, हे त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. गाव मात्र तेव्हापासून पावन झालं!

गावाबाहेर घाटरस्त्याला हैबती नावाचा भक्त पाणपोई चालवी. एक छप्पर, दोन रांजण. आल्यागेल्याला पाणी पाजावं आणि महाराजांचं नाव घ्यावं, एवढाच त्याचा संसार. उरलेला संसार त्याची बायको तुळसा करी.

तीन वर्षांपूर्वी गावच्या दाजीसाहेब इनामदारांनी या पाणपोईला पितळी तांब्या दान दिला होता. त्यावर स्वतःचं नाव घातलं, गावाचं घातलं, तिथी घातली, आणि जागा उरली म्हणून आजोबांचंही घातलं. आठ दिवसांत तो तांब्या नाहीसा झाला! त्या दिवशी कोकणातले चार कोळी पाणी पिऊन, चार गप्पा मारून गेले होते.

"तुझ्या दोस्तांनी नेला," इनामदार चावडीवर म्हणाले, "नाहीतर तूच विकून खाल्लास."

तेव्हापासून गाव हैबतीला 'तांब्या' म्हणूनच हाक मारी. तोही ओ देई, आणि खाली मान घालून पाणी पाजी.

त्या चैत्रात महाराजांनी भंडाऱ्याची सेवा हैबतीला सांगितली. करंजदऱ्याची रीत अशी, की घरोघरची आंबील एका भांड्यात ओतून एक झाल्याशिवाय पंगत बसायची नाही. एवढं मोठं भांडं गावात एकच: इनामदारांची काहील. दोन दिवस आधी हैबती ती मागायला गेला.

"आधी माझा तांब्या आण," इनामदार म्हणाले. "ज्याला तांब्या सांभाळता येत नाही, त्याला काहील देऊ? उद्या सांगशील, काहील पाणी प्यायला गेली."

हैबती डोळे पुसत महाराजांकडे आला. "महाराज, आठ गावची माणसं येणार. माझी अब्रू तर केव्हाच गेली, पण तुमच्या दारातून कुणी उपाशी गेलं, तर मी कुठं तोंड दाखवू?"

महाराज म्हणाले, "घरी जा. पाहुणा आलाय."

हैबती घरी गेला. दारात बैलगाडी उभी होती आणि गाडीत होडी होती.

अखंड खोडातून कोरलेली, कोरी करकरीत होडी! करंजदऱ्यात अशी वस्तू कुणी पाहिली नव्हती. तुळसाला ती गुरांची गव्हाण वाटली. शेजारच्या म्हातारीला पाळणा वाटला. तिनं लगेच हळदकुंकू वाहिलं.

"हैबती तूच ना?" गाडीवान म्हणाला. "तुझ्या मित्रांनी पाठवलीय."

"कुठल्या मित्रांनी?"

"मला काय ठाऊक? मी घाटमाथ्यावर भरली. माझ्याआधी दुसरा गाडीवान होता, त्याच्याआधी तिसरा. निरोप एवढाच वर आलाय, की रागावू नका."

"कशाबद्दल?"

"ते खालीच राहिलं बहुतेक."

होडीत नारळ होते, आमसुलं होती. हैबतीनं सगळं उतरवून पाहिलं, तरी उलगडा होईना. तेवढ्यात इनामदार आले आणि पोट धरून हसले. "वा रे तांब्या! प्यायला पाणी नाही आणि स्वारी निघाली जलविहाराला!"

हैबती पुन्हा चाफ्याखाली. "महाराज, कुणी पाठवली कळत नाही, का पाठवली कळत नाही, हिचं करू काय तेही कळत नाही."

"हात जोडलेस का?"

"कुणाला जोडू?"

"कुणाला ते कळल्यावर कुणीही जोडतं. आली त्या दिशेला जोड."

हैबतीनं पश्चिमेला हात जोडले. गाडी वळसा घेऊन गावात पूर्वेकडून शिरली होती, म्हणून तिकडेही जोडले. उगाच कुणी राहायला नको.

मग महाराज हसून म्हणाले, "अरे वेड्या, जी बाहेरचं पाणी आत घेत नाही, ती आतली आंबील बाहेर सोडेल का?"

धन्य ते बोल! तुळसानं होडी राखेनं घासून कढत पाण्यानं तीनदा धुतली. भंडाऱ्याच्या दिवशी घरोघरच्या हंड्या होडीत रित्या झाल्या आणि पंगत बसली. आठ गावं जेवली. होडी अर्ध्यावर आली, आणि मग अर्ध्यावरच राहिली! वाढप्यांचे हात भरून आले, पण आंबील उतरेना.

इनामदार ओट्यावर उपाशी बसून हे पाहत होते. शेवटी त्यांना राहवेना. "तळाशी काहीतरी लबाडी आहे!" म्हणत ते होडीत वाकले. पागोटं आंबिलीत पडलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि काहीतरी वर काढलं.

पितळी तांब्या! काठोकाठ आंबिलीनं भरलेला. त्यावर इनामदारांचं नाव, गावाचं, तिथी आणि आजोबा.

"हा... हा इथं कसा?"

"मी होडी तीनदा घासलीय," तुळसा म्हणाली. "आत तांब्या नव्हता. एवढा मजकूर माझ्या नजरेतून सुटेल होय?"

महाराज म्हणाले, "दाजीसाहेब, निघायच्या घाईत त्या चौघांच्या सामानात गेला असेल. शरमेनं तीन वर्षं गेली. आता परत करायचा, तर लोकाचं भांडं रिकामं कसं धाडायचं? आपण चिमूटभर साखर घालतो. त्यांनी होडी घातली. समुद्राकाठची माणसं, हात जरा सैल."

तांब्यात घालून होडी कशी पाठवतात, हे हैबतीला नीट उमगलं नाही. पण एका तांब्याभर पाण्याची कुणी एवढी आठवण ठेवली, म्हणून त्याचे डोळे वाहू लागले.

इनामदार महाराजांच्या पायांवर झुकायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि हैबतीकडे बोट दाखवलं. मग दाजीसाहेब इनामदार, बोडक्या डोक्यानं, कोपरावरून आंबील ठिबकत असताना, हैबतीपुढे वाकले आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "हैबतीबाबा, चुकलो."

हैबती पुरता गोंधळला. त्याच्यापुढे आजवर असं कुणी वाकलं असेल, तर ते तहानलेलं माणूस. म्हणून त्याला जे येत होतं, तेच त्यानं केलं. तांब्या उचलून तिरका धरला.

"ओंजळ नीट धरा, दाजीसाहेब," तो म्हणाला. "सांडेल."