वेळापत्रक, रिकामी दोरी आणि कारभारी

फार पूर्वी एका टेकडीवर एक विद्यापीठ होतं. तिथे दूरदूरच्या गावांहून मुलंमुली शिकायला येत, आणि आल्या आल्या प्रत्येक जण एक काम अगदी मन लावून करी. सुंदर अक्षरात वेळापत्रक लिहून ते भिंतीला लावी. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक भिंतीवरच असे आणि मुलं भलतीकडेच असत. ही रीत सगळ्याच विद्यापीठांत आहे, तेव्हा त्यांना हसायचं कारण नाही.

त्या विद्यापीठात एक विद्यार्थिनी होती. हुशार, गुणी, पण घरापासून फार लांब आल्यामुळे एकटी पडलेली. बोलायला कुणी नाही म्हणून ती मोठ्याने वाचायची, आणि वाचून झालं की भिंतीकडे बघत बसायची. शेवटी एक दिवस तिने धीर करून गुरुजींना विचारलं, “गुरुजी, मी खोलीत एक कुत्रा पाळला तर चालेल का?”

गुरुजी म्हणाले, “चालेल की. टेकडीखाली आसरा आहे, तिथल्या बाबांना भेट. पण कुत्रा देण्याआधी ते माणूस पारखून घेतात बरं का.”

हा आसरा एका म्हाताऱ्या धनगराचा. लोकांनी टाकून दिलेली, हौस फिटल्यावर परत आणून सोडलेली कुत्री तो सांभाळायचा. तिकडे जाण्याआधी आपली विद्यार्थिनी तीन दिवस ग्रंथालयात ठाण मांडून बसली. कुत्र्यांच्या जातींवरची जाडजूड पोथी तिने जवळजवळ पाठच केली. कोणती जात राखणीची, कोणती मेंढरांमागे फिरणारी, कोणाचं नाक तिखट, सगळं तिला येऊ लागलं. त्यातून तिने निवडला कारवानी. उंच, सडपातळ, हरणामागे धावणारा शिकारी कुत्रा. राजेमहाराजे असाच कुत्रा घेऊन फिरतात, असं पोथीत लिहिलं होतं आणि ते वाचून ती हुरळून गेली होती.

आसऱ्यात नेमका एक कारवानी होता. नाव बाण. तो कुंपणाच्या कडेने सारखा येरझाऱ्या घालत होता. विद्यार्थिनीने हात पुढे केला तसा तो थबकला, हात हुंगला आणि पुन्हा चालू लागला. तेवढ्यानेही तिचा जीव त्याच्यावर जडला.

“बाबा, मला हाच हवा,” ती म्हणाली. “पण याच्या गळ्यातल्या दोरीला दोन गाठी कशाच्या?”

“कुणी नेलं आन् परत आणून सोडलं, की मी एक गाठ मारतो,” म्हातारा म्हणाला. “पहिल्यानं शोभेला म्हणून दारात बांधून ठेवला. दुसरीनं परत आणला, का तर गादी फाडली. आता पळणाऱ्या जिवाला कोंडल्यावर त्यो दुसरं काय करणार? तिसरी गाठ पडली ना पोरी, तर ह्यो पुन्हा कुणाच्याच मागं जायचा न्हाई. मी तशी कुत्री बघितलीत. भाकरी टाकली तरी मान वर करत न्हाईत.”

विद्यार्थिनीने घाईघाईने पिशवीतून आपलं वेळापत्रक काढलं. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने वाचून दाखवलं. पहाटे चारला उठणे. नदीपर्यंत धावत जाऊन येणे. सूर्योदयाला अध्ययन. सायंकाळी पुन्हा धावणे.

म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दिवस लई झकास हाय. पण कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? माझाच!”

“बरं तर.” त्याने खुंटीवरची एक दोरी काढून तिच्या हातात दिली. “आठ दिस ही रिकामी दोरी घेऊन रोज पहाटं नदीपातुर पळत जायचं. कुणी बघाया येणार न्हाई. नवव्या दिशी ये आन् सांग, किती दिस गेलीस. आठ म्हणलीस की बाण तुझा.”

इतकी सोपी परीक्षा तिने आजवर दिली नव्हती. पहिल्या पहाटे ती उड्या मारत नदीवर जाऊन आली. रिकामी दोरी बघून वाटेत पाणी भरणाऱ्या बायका हसल्या, पण तिने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या पहाटे ती अर्ध्या वाटेवरून फिरली, कारण पायांचे गोळे भरून आले होते. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन पांघरुणावर आलं होतं. चौथ्या दिवशी एक फार सुरेख ग्रंथ हाती लागला, मग तर विचारूच नका. दोरी दाराच्या खिळ्याला लटकत राहिली. विद्यार्थिनी येता जाता तिच्याकडे बघायची आणि स्वतःला समजवायची, ‘रिकाम्या दोरीसाठी कोण उठतं? कुत्रा आला की उठेनच मी.’

नवव्या दिवशी ती टेकडी उतरली ती मनात घोकतच. आठही दिवस मी गेले, बाबा. आठही दिवस. पाहिलं होतंच कुणी?

म्हाताऱ्याने बाणाला मोकळं सोडून तिच्यापाशी आणलं. या वेळी बाण पुढे गेला नाही. त्याने लांब मान तिच्या मांडीवर टेकवली. ती त्याच्या गळ्याखाली खाजवू लागली, आणि बोटांना त्या दोन गाठी लागल्या. कडक आणि मळक्या. तिसरी गाठ कुठे बसेल, तेही बोटांना कळलं.

“काय गं, किती दिस गेलीस?”

“दोन,” ती म्हणाली. “खरं तर दीडच.” आणि तिला रडूच फुटलं. “बाबा, मला बाण फार आवडतो हो. पण ही तिसरी गाठ माझ्या हातून नको.”

म्हातारा काही रागावला नाही. धोतराच्या सोग्याने तिचे डोळे पुसत म्हणाला, “आता बस, आन् तुझा खरा दिस सांग. लिहिलेला नको.”

ती मुसमुसत सांगू लागली. “मी उन्हं वर आल्यावर उठते. मग वाचत बसते. जेवतानाही वाचते. संध्याकाळी विहिरीपर्यंत रमतगमत एक फेरी मारते, वाटेत तीनदा बसते. मग परत मोठ्याने वाचते. ऐकायला कुणी नसतं.”

बोलता बोलता तिच्या पायांवर काहीतरी ऊबदार येऊन पडलं. बघते तर एक आखूड पायांचा, एक कान पडलेला म्हातारा कुत्रा. इतका वेळ तो रोजच्यासारखा उंबऱ्यात पडून साऱ्या आसऱ्यावर नुसती नजर ठेवत होता, म्हणून त्याचं नाव कारभारी.

“याची जात कोणती?” तिने नाक ओढत विचारलं.

“तुझ्या पोथीत सापडायची न्हाई,” म्हातारा हसला. “पर तुझा दिस ऐकून त्यो आपणहून उठलाय. सकाळपास्नं पहिल्यांदा.”

कारभाऱ्याच्या दोरीलाही एक गाठ होती. त्याच्या धन्याला घराभोवती धावून भुंकणारा कुत्रा हवा होता, आणि कारभाऱ्याला तर दोन्हींचा कंटाळा.

त्या दिवशी विद्यार्थिनी कारभाऱ्याला घेऊन टेकडी चढली. वाटेत दोघं तीनदा बसली. पुढच्याच महिन्यात गावोगाव पत्रं पोचवत धावणारा जासूद आसऱ्यावर आला. त्याने नदीपर्यंतच्या आठ फेऱ्या हसत पुऱ्या केल्या आणि बाणाला घेऊन गेला. सकाळी कधी लवकर जाग आली तर विद्यार्थिनीला खिडकीतून ते दोघे दूरच्या रस्त्यावर धावताना दिसत. ती हात हलवी आणि पुन्हा पांघरूण ओढून घेई.

वर्ष भरलं तेव्हा ती कारभाऱ्याला घेऊन आसऱ्यावर गेली. वर्षभर टिकलेल्या कुत्र्याच्या गाठी सोडायच्या, अशी म्हाताऱ्याची रीत होती. कारभाऱ्याची गाठ इतकी जुनी की बोटांनी सुटेना, शेवटी म्हाताऱ्याने ती दातांनी सोडवली.

“आन् तुझं ते वेळापत्रक?” त्याने विचारलं.

“आहे ना,” विद्यार्थिनी म्हणाली. “कारभारी त्याच्यावर झोपतो.”

तात्पर्य: आपण जसं व्हायचं ठरवतो त्याच्या भरवशावर दुसरा जीव घरी आणू नये, आपण आज जसे आहोत तसे ज्याला चालतो, त्यालाच सोबत न्यावं.