पुढे झुकलेले पंख

मुलांनो, फार दूर डोंगरमाथ्यावर शिलावन नावाचे प्राण्यांचे एक राज्य होते. तिथे एक कारागीर खार राहत असे. त्या राज्याच्या मधून एक अरुंद, नागमोडी दरी गेली होती. दरीपलीकडे कोणी आजारी पडले, तर औषध पोचायला चार दिवस लागत. साध्या विमानांना त्या दरीतली वळणे घेता येत नसत. म्हणून खारीने निराळेच जेट विमान बांधायला घेतले. इतर जेट विमानांचे पंख मागे झुकलेले असतात; हिच्या विमानाचे पंख पुढे झुकलेले होते. असे विमान कमी वेगातही चटकन वळेल, असे तिचे गणित सांगत होते.

दोन वर्षांनी विमान उभे राहिले. हत्ती महाराज खूश झाले आणि त्यांनी अनावरणाचा मुहूर्त काढला. कोल्हा प्रधान होता. त्याने शेजारच्या राज्यांतून पाहुणे बोलावले आणि निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत ‘अनावरण आणि पहिले उड्डाण’ असे छापून घेतले. विमान चालवणार होता ससा. तो रोज येऊन आपल्या आसनावर बसे आणि डोळे मिटून दरीतली वळणे पाठ करी.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी खारीने पंखांना दोर बांधले आणि वारा उचलेल तसे ते वर ओढून पाहिले. ताण वाढला तसे डाव्या पंखाचे टोक हळूच पिळले गेले आणि रंगावर केसाएवढा तडा उमटला. पुढे झुकलेल्या पंखाचे टोक एकदा का वर पिळले, की वारा त्याला आणखीच पिळतो आणि भर वेगात पंख मोडून पडतो, हे तिला ठाऊक होते. ती तशीच प्रधानाकडे गेली.

“प्रधानजी, पडदा खुशाल उघडा, पण विमान उद्या उडवता येणार नाही.”

कोल्ह्याने पत्रिका तिच्यापुढे धरली. “खारूताई, हे गावोगाव पोचले आहे. तड्यावर रंगाचा एक हात फिरवा. दहा मिनिटांचे तर उड्डाण. एवढ्यात काय होते?”

खार विमानापाशी परत आली. रंगाचा डबा तिथेच होता. तिने झाकण उघडले, ब्रशही बुडवला. समोर ससा विमानाची काच पुसत होता. “ताई, आज मला झोप लागायची नाही बघा,” तो हसून म्हणाला. पंख धड आहेत का, हे त्याने विचारलेसुद्धा नाही. ते खारीने पाहिले आहे, एवढे त्याला पुरेसे होते. खारीने ब्रश धुऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुताऱ्या वाजल्या, पडदा सरला आणि ऊन पडलेले ते पांढरेशुभ्र विमान पाहून सगळे मैदान थक्क झाले. तेवढ्यात खार महाराजांपुढे येऊन उभी राहिली.

“महाराज, माझ्या कामात खोट राहिली आहे. वेगात पंख पिळतो. आज उड्डाण नको.”

मैदानात कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांतला एक रानडुक्कर म्हणाला, “मला वाटलेच. पंख उलटे बसवलेत यांनी.” आणि बरेच जण हसले. कोल्ह्याने मान खाली घातली. महाराजांनी मात्र विमानाला फेरी घातली आणि त्या तड्यावरून सोंड फिरवली.

“किती दिवस लागतील?” त्यांनी विचारले.

“खरे सांगू? मला ठाऊक नाही.”

“मग ठाऊक होईपर्यंत काम कर,” महाराज म्हणाले.

खारीने पंखाला तागाचे धागे आणि चिकट राळ यांचे थर देऊन पाहिले. धागे सरळ लावले, तरी पंख पिळायचा. आडवे लावले, तरी तेच. बाविसाव्या खेपेला तिने धागे तिरपे लावले, तेव्हा दोर कितीही ओढले तरी टोक पिळेना. यात पाच महिने गेले.

मग एका स्वच्छ सकाळी, तुताऱ्या नाहीत की पाहुणे नाहीत, अशा वेळी विमान उडाले. काठावर महाराज होते, कोल्हा होता आणि शेपटी आवळून धरलेली खार होती. विमान दरीत शिरले, माशासारखे वळणावळणाने निघाले आणि पलीकडे औषधांची पेटी उतरवून घटकाभरात परतही आले. कोल्हा खारीजवळ आला. “त्या दिवशी तुम्ही माझे ऐकले असते, तर…” एवढेच बोलून तो थांबला. खारीने त्याला शेजारी बसायला जागा करून दिली.

ससा खाली उतरला. त्याचे डोळे चमकत होते. “ताई, झकास वळते. फक्त डावीकडे वळताना पायाखाली जरा थरथरते.”

“किती वेगाला?” खारीने विचारले, आणि पेन्सिल काढून ती आनंदाने लिहून घेऊ लागली.

तात्पर्य : आपल्या कामातली उणीव आपणच वेळेवर सांगावी, चार जण हसले तरी चालेल, पण आपल्यावर विसंबलेल्याचा जीव धोक्यात घालू नये.