राणीचं कणीस

एका राज्यात ज्वारी इतकी शुभ्र पिके, की भाकरीवर लोणी ठेवलं तरी दिसू नये. तिथला राजा सोमदत्त मनानं मेणाहून मऊ. राणी तारावली निवर्तली, तेव्हा तिनं खुडलेलं शेवटचं कणीस त्यानं महालाच्या आढ्याला टांगलं. दर पेरणीला त्यातले चिमूटभर दाणे साऱ्या राज्याच्या बियाण्यात मिसळायचे, असा रिवाजच पडला. मायेला नको कोण म्हणणार?

राजा असा दुःखात बुडालेला, म्हणून एका हुरड्याला कज्जल मांत्रिक त्याच्या दारातून उपाशी परतला. जाताना म्हणाला, "राजा, तुझ्या मायेतच मी घर करीन!"

तेव्हापासून ज्वारीवर काणी पडली. दाणा वरून टपोरा, फोडावा तर आत काळी भुकटी. कोठारं काळी, भाकऱ्या काळ्या. अखेर पेरणीपुरतं एक पोतं उरलं. तेही नासलं असतं, तर राज्यात चूल पेटली नसती.

राजकन्या मृणालवती शंभर वर्षांच्या साळुंकीकडे गेली. साळुंकी जरा खाष्टच होती.

"साळुंकीबाई, शाप कसा उतरेल?"

"नागाच्या कुंडावरचा गंधक आणून बियाण्याला चोळ. रानातली काणीची कणसं न झटकता खुडून जाळ. तिसरं काम बापाचं. शापाचं मूळ त्याच्याच आढ्याला टांगलंय."

नागानं गंधकाच्या बदल्यात तिची वेणी मागितली. तिनं कापून दिली. मग काळी भुकटी उडू नये म्हणून तिनं वाऱ्याला हात जोडले. ती कणसं खुडून जाळीपर्यंत वारा बांधावर बसून राहिला.

मग ती महालात आली.

"तात, आढ्याचं कणीस द्या. जाळायचं आहे."

राजाचा चेहरा उतरला. "हे नको मागूस, बाळ. तिची एवढीच खूण उरली आहे माझ्यापाशी."

"आणि मी, तात?"

राजानं लेकीकडे पाहिलं. कापलेले केस, गंधकानं पिवळे झालेले हात. किती दिवसांनी पाहत होता! त्याला रडू फुटलं. त्यानं स्वतः कणीस उतरवलं नि चुलीत घातलं. त्यातून काळा पक्षी निघाला, धुराड्यातून उडाला, तो पुन्हा दिसला नाही.

पुढल्या हुरड्याला कज्जलाला पहिला पाट मिळाला. पोटभर खाऊन तो लाजत घरी गेला. आणि पेरणीच्या दिवशी राजा आढ्याकडे न बघता लेकीजवळ गेला. पहिली मूठ तिनं पेरली. तिच्या राज्यात पिकली तशी पांढरी ज्वारी तुमच्याही घरी पिको.