आबाजींची बोली

एकदा एका शिष्याला, आता आपल्याला शिकण्यासारखे काही उरले नाही, असे वाटू लागले. विद्या वायरमनची होती. वऱ्हाडातल्या एका बाजारपेठेच्या गावी वृद्ध वस्तादांच्या हाताखाली त्याने ती घेतली आणि त्याच पेठेत आपले दुकान थाटले. पाटी तेवढी वस्तादांच्या पाटीपेक्षा हातभर मोठी केली.

वैशाखात त्याच्याकडे एक सूनबाई आली. तिचे सासरे आबाजी कापसाच्या बाजारात लिलाव पुकारायचे. बैलगाड्यांच्या, माणसांच्या कोलाहलातून त्यांचा आवाज फाटकाबाहेर जाई. अर्धांगवायूने त्यांची वाचा नेली, उजवे अंग नेले. आता डावा हात थोडासा हले, एवढेच. घरातला कूलर सारखा चालला की ओलाव्याने त्यांची छाती भरून येई आणि बंद ठेवला की उन्हाने जीव घाबरा होई. डॉक्टरांनी दोन्हीपासून जपायला बजावले होते. सुनेचा दिवस कूलरच्या बटणाशी बांधला गेला होता.

"आपोआप सुरू होईल, आपोआप बंद होईल, असं काही बसवून द्या ना भाऊ," ती म्हणाली.

शिष्याने थर्मोस्टॅट आणला, हवा तापली की वीज जोडणारा आणि गार झाली की तोडणारा. फेजची तार त्यातून फिरवली, न्यूट्रल सरळ दिली आणि ती प्लास्टिकची डबी कूलरच्या तोंडाशी, जाळीलगत बसवली. बाजारात तिला 'कूलरचा थर्मोस्टॅट' म्हणतात. तेव्हा तिची जागा कूलरवरच, हे त्याने गृहीत धरले. तारही वीतभरच लागली. काम इतके देखणे झाले की तो स्वतःच दोनदा मागे सरून पाहत राहिला.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई धापा टाकत आली. "भाऊ, तो बंद होते, पण सुरूच होत नाही. मी स्वयंपाकघरात होती. येऊन पाहते तर बाबा घामानं निथळून राहिले होते. डोळे फिरवले होते त्यांनी. हाक कशी मारतील ते?"

शिष्य हबकला. त्याने टेस्टर लावला, सारे जोड उकलून पुन्हा केले, डबी बदलून नवी आणली. चूक कुठेच सापडेना, आणि कूलर थोडा चालून पुन्हा गप्प होई. शेवटी मान खाली घालून तो वस्तादांकडे गेला.

वस्ताद आले ते हात हलवत आले, पेचकससुद्धा बरोबर नव्हता. कूलर खिडकीत होता. छातीवर थेट वारा नको म्हणून आबाजींची खाट पलीकडच्या कोपऱ्यात होती. वस्तादांनी आबाजींना नमस्कार केला, शेजारी चटई अंथरायला सांगितली आणि शिष्याला म्हणाले, "निज इथं. बोलायचं नाही. हातपाय हलवायचे नाहीत. मी म्हणेन तेव्हाच उठायचं."

शिष्याला वाटले, म्हातारपणी वस्तादांची बुद्धी चळली. पण आज्ञा ती आज्ञा. तो निजला.

कूलर चालू झाला. कोपऱ्यात गारवा पोचतो न पोचतो तोच खट् आवाज आला आणि पंखा थांबला. छताचे पत्रे तापलेले होते. शिष्याच्या कपाळावर घाम जमला, भुवईतून ओघळून डोळ्यात उतरला. डोळा चुरचुरू लागला. हात उचलावासा वाटला, उचलता येत नव्हता. ओरडावेसे वाटले, तेही नाही. त्याने नुसती नजर वळवली, तर खाटेच्या कडेवरून आबाजी त्याच्याकडे पाहत होते. त्या नजरेत तक्रार नव्हती, ओळख होती.

"ऊठ," वस्ताद म्हणाले. "तारा तुझ्या बरोबर हायेत. डबीही खोटं बोलली नाही. तू तिला कूलरच्या तोंडाशी बसवलं आन् विचारलं, गार वाटते का? ती म्हणाली, हो. पंखा थांबला तरी कूलरच्या ओल्या वाळ्यापाशी तिला अजूनही गारच वाटून राहिलं आहे. ज्याला गरम होते, त्याच्यापाशी विचारायला कोणी नव्हतंच. हा थर्मोस्टॅट कूलरचा नाही, बापा. ज्याच्यासाठी कूलर आहे, त्याचा आहे."

शिष्याने मेन बंद केला. लांब तार ओढली आणि डबी खाटेच्या उशाशी, वाऱ्याच्या झोतापासून दूर, निजल्या माणसाच्या उंचीवर बसवली. कूलर सुरू झाला आणि या वेळी कोपरा निवेपर्यंत चालला. मग खट् वाजून थांबला.

तेव्हा वस्तादांनी आबाजींचा डावा हात अलगद उचलला आणि डबीवर ठेवला. वर आपली ओंजळ धरली. हळूहळू त्या थकलेल्या तळव्याची ऊब डबीच्या आतल्या, उबेने वाकणाऱ्या पट्टीपर्यंत पोचली.

खट्. खिडकीतला पंखा फिरू लागला.

शिष्य डबीजवळ वाकला. अशा डब्या त्याने किती बसवल्या असतील, पण एका मुक्या माणसाच्या उबेला यंत्र ओ देते, हे त्याने आज प्रथम पाहिले. आबाजींनी हाताकडे पाहिले, मग खिडकीकडे. वस्तादांनी आपली ओंजळ काढून घेतली. आबाजींनी हात मात्र तिथेच राहू दिला. त्यांचे ओठ थरथरले आणि डोळे वाहू लागले.

पिठाच्या हातांनी सूनबाई दाराशी आली. "आत्ताच तर थांबला होता. पुन्हा कूलर कोणी लावला?" तिने विचारले.

शिष्याने डबीवरच्या हाताकडे बोट दाखवले.

"बाबांनी," तो म्हणाला. "त्यांनी हाक मारली."

घरी परतताना तो वस्तादांच्या चार पावले मागून चालत होता. पुढे कुठल्याही घरी गेला की पेटी उघडण्याआधी तो विचारी, "इथं निजते कोण?" आणि त्या जागी क्षणभर जाऊन बसे.